राजाचा गेलेला कान

घाबरू नका, मी आता चिकट नाही. मी एक चांदीचं नाणं बोलतोय. माझ्या एका बाजूला राजाचं डोकं आहे आणि दुसऱ्या बाजूला माझी किंमत. राजा केव्हाच गेला आणि त्या किमतीत आज काडेपेटीही येत नाही.

जन्माबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. टाकसाळीत तापवलं, कापलं, वरून एक दणका दिला, झालो. मग बरीच वर्षं खिशाखिशांतून फिरलो. माणसं देताना हात आखडता घेतात आणि घेताना लांब करतात, एवढंच ज्ञान तिथे मिळालं.

पुढे मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे आलो. तिच्या पहिल्या शिलाईचा मोबदला म्हणून आलो, त्यामुळे तिने मला खर्च केलं नाही. पण नुसतं बसवून ठेवणंही तिच्या स्वभावात नव्हतं. कापडाची दुमड दाबायला तिला काहीतरी हवं होतं आणि इस्त्री तापायला वेळ लागायचा. तिने मला दुमडीवर ठेवलं, अंगठ्याने दाबलं आणि ओढलं. दुमड बसली. मग एकतीस वर्षं मी हेच केलं.

खालून मला कापडाने घासलं, वरून तिच्या अंगठ्याने. बरोबर राजाच्या कानावर अंगठा यायचा. हळूहळू कान गेला आणि तिथे एक उथळ खळगा झाला. राजाने तक्रार केली नाही. कान नसताना तो कुणाचं ऐकणार आणि कुणाला काय सांगणार!

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचं टेबल तिच्या मशीनला लागूनच होतं. दोघं दिवसभर माना खाली घालून बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, काम होतं.

मग ती गेली. मशीनवर झाकण आलं. घड्याळवाल्याने मला तिच्या डब्यातून काढलं, बाजारातून एक मऊ, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणली आणि त्यात मला घालून टेबलाच्या खणात ठेवलं. रोज सकाळी खण उघडून तो मला बघायचा. हात कधी लावला नाही. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाला, "तुझ्या आईच्या अंगठ्याची जागा आहे ती. माझा हात लागून झिजायला नको."

तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. पण त्या प्लास्टिकला घाम येत होता. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले आणि त्यातून एक तेलकट, आंबट पदार्थ सुटून माझ्या अंगावर बसला. सहा वर्षांत मी हिरवा झालो. चाळीस वर्षं खिशांत, गल्ल्यांत आणि घामट मुठींत काढून जे झालं नाही, ते काळजीने केलं.

एका रविवारी मुलगी आली. ती नखं रंगवायच्या दुकानात काम करते. तिने खण उघडला.

"बाबा, आईच्या नाण्याला शेवाळ आलंय!"

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही. हिरवं सगळ्यात दाट त्या खळग्यातच साचलं होतं. तो इतकंच म्हणाला, "मीच केलं हे."

माणूस घाबरला की आधी घासतो. त्यानेही टूथपेस्ट काढली, पण सवयीने आधी दुसऱ्या एका जुन्या नाण्यावर करून पाहिलं. ते चमच्यासारखं लखलखलं. आम्हा दोन्ही नाण्यांना घेऊन तो नाणी विकणाऱ्याकडे गेला. नाणीवाल्याने माझ्या शेजारच्या घासलेल्या नाण्याला उलटंपालटं केलं.

"हे घासलंत?"

"थोडंसंच."

"काल याला किंमत होती. आज याला चमक आहे." मग त्याने मला काठाने धरलं. "याला घासू नका. हे हिरवं प्लास्टिकमधून सुटलंय, वेळीच काढलं नाही तर चांदी खातं. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा. धरायचं ते काठाने, तोंडावर बोट नको. हा खळगा मात्र निघायचा नाही हं."

"तो काढायचाच नाही," घड्याळवाला इतक्या मोठ्याने म्हणाला की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "तो राहील ना?"

"हिरव्याखाली काय उरलंय ते काढल्यावरच कळेल."

मुलीने आपल्या नखांच्या दुकानातून ॲसिटोनची बाटली आणली. "नखं पुसायचं गुलाबी नाही हं बाबा, त्यात तेल आणि वास असतो. हे नुसतं आहे." तिने खिडक्या उघडल्या, गॅस बंद आहे ना ते पाहिलं. ती हात धुऊन येईपर्यंत घड्याळवाल्याला धीर धरवला नाही. हाताशी होती ती वाटी त्याने पुढे ओढली आणि ओतलं. ती त्याची कवळी ठेवायची प्लास्टिकची वाटी होती.

वाटी आधी पांढरी पडली, मग खाली बसली, मग टेबलाला चिकटली.

"बाबा! ज्याने प्लास्टिक विरघळतं, ते प्लास्टिकमध्ये?"

"कवळी तोंडात आहे माझ्या," तो म्हणाला. बाजू मांडायला तेवढंच होतं.

मग काचेची वाटी आली. मला चिमट्याने अलगद सोडलं, वर काचेची बशी झाकली. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि तरी त्याने तीनदा विचारलं, "किती वेळ झाला?" हिरवं सुटून खाली उतरलं. ताज्या ॲसिटोनमध्ये दुसरी बुडी दिली, मग मऊ कापडावर ठेवलं. पुसलं नाही. मी आपोआप वाळलो.

त्याने भिंग लावलं.

"आहे?" मुलीने विचारलं.

त्याने भिंग तिच्या हातात दिलं. खळगा होता तसा होता, तळाशी थोडा काळपट, पण गुळगुळीत. चांदी तिथे शाबूत होती.

आता मी कागदाच्या पाकिटात, त्याच खणात राहतो. काही दिवस तो मला अगदी नियमाप्रमाणे काठाने धरायचा. मग एका सकाळी त्याने मला तळहातावर घेतलं, मशीनकडे पाहिलं आणि अंगठा राजाच्या कानावर ठेवला. अंगठा जरा मोठा पडला. तरी त्याने तो उचलला नाही.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर घासू नका, मऊ प्लास्टिकमध्ये कोंडू नका आणि शक्यतो बोट लावू नका. शक्यतो म्हटलं. माझ्यावर घड्याळवाल्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. डाग कसे काढायचे ते बापलेकींना आता नीट ठाऊक आहे, पण हा कुणी काढलेला नाही.