श्रावणातली मोजणी

सुभेदार लालासाहेब पलटणीत असताना कुर्गातले कॉफीचे मळे बघून आले होते. पेन्शनीत आल्यावर पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या आपल्या डोंगरउतारावर त्यांनी कॉफी लावली. गावानं त्यांना वेड्यात काढलं. पण सहा-सात वर्षांत झुडपं छातीएवढी झाली, फळं धरू लागली आणि लोक गप्प बसले. मग सुभेदारांना एक प्रश्न पडला. झाडांखाली साठणारा पाचोळा तसाच ठेवायचा, की खरवडून जमीन अंगणासारखी साफ करायची? पाचोळ्यात किडे होतात आणि ते मुळं खातात, असं किडे मारायची भुकटी विकणारा एक माणूस त्यांना सांगून गेला होता.

याचा उलगडा करायला सुभेदारांच्या बोलावण्यावरून १९४६ च्या फाल्गुनात धन्यकुमार मगदूम मळ्यावर आला. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, वय तेवीस, पुण्याला शेतकी शिकलेला. त्यानं मळ्यात दोन तुकडे आखले. एकात पाचोळा ठेवला, दुसरा साफ केला. दर पंधरवड्याला दोन्हीकडची वीतभर रुंद, चार बोटं खोल माती काढायची आणि जाळी बसवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवायची. वर कंदील टांगायचा. उष्णतेनं मातीतले जीव खाली सरकत आणि नरसाळ्याखालच्या स्पिरिटच्या बाटलीत पडत. मग धन्यकुमार भिंग घेऊन त्यांची जातवार मोजणी करी.

माती काढायला त्याच्याबरोबर राहीबाई असे. मळ्यावरच्या बायांची ती मुकादम, चाळिशीची. कुठली माती काढावी, वाणी किडा कुठं वेटोळं घालून बसतो, गोम कुठल्या दगडाखाली असते, हे तिला न बघता कळे. पाचोळा उचलला की टणाटण उडणारे, पांढऱ्या ठिपक्यांएवढे किडेही तिनंच त्याला पहिल्यांदा दाखवले.

"ह्ये पानं खात्यात, आन् त्येंची माती करत्यात," ती म्हणाली. "मुळाला न्हाई तोंड लावत."

उन्हाळ्यात दोन्ही तुकड्यांत फारसं काही सापडलं नाही. माती कोरडी होती, आकडे जवळजवळ सारखे आले. खरी मोजणी पाऊस मुरल्यावर, श्रावण-भाद्रपदात व्हायची होती.

आषाढाच्या शेवटी धन्यकुमार घरी गेला. त्याच्या आईनं, गुणमालाबाईंनी, चातुर्मास धरला होता. शेतीच्या घरात नांगर चालणारच, पण त्या स्वतः चार महिने खुरपं हातात घेत नसत, पाणी दुपदरी फडक्यातून गाळत आणि फडक्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडून येत. आपण माती तपासतो, एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. जेवताना आईनं सहज विचारलं, "मातीत जीव असतात रे. त्यांचं काय करतोस?"

"बाजूला ठेवतो," तो म्हणाला.

त्यानंतर त्याला त्या बाटल्या आठवल्या तरी नकोसं होई. मळ्यावर परत जायचं तो पुढं ढकलत राहिला. आधी पावसाचं निमित्त झालं, मग घाट बंद असल्याचं, मग भाद्रपदातल्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचं. श्रावण आणि भाद्रपद असे दोन्ही महिने गेले.

तो परतला तेव्हा राहीबाईनं त्याच्यापुढं एक गाठोडं सोडलं. त्यात चिंचोके होते.

"तुमी आला न्हाईसा, म्हून मीच मोजलं," ती म्हणाली. "नरसाळं मला येत न्हाई. डोळ्यांनी दिसलं तेवडं धरलं. दर पंधरवड्याला मोजलं, पाचोळ्यात सात विसा, कवा जास्तच. साफ तुकड्यात नऊ, धा."

पाचोळ्यात एकशेचाळीस आणि साफ जमिनीत नऊ. धन्यकुमारला त्यात खोट वाटली नाही. पण हे आकडे लिहायचे, तर आपण दोन महिने इथं नव्हतो हेही लिहावं लागणार होतं. त्यानं चिंचोके तिला परत दिले. त्या दुपारी वहीत श्रावण-भाद्रपदाचे रकाने त्यानं उन्हाळ्याच्या आकड्यांत थोडी भर घालून भरून टाकले. दोन्ही तुकडे सारखे दिसले. अहवालात त्यानं लिहिलं: पाचोळा ठेवल्यानं जमिनीतल्या जीवसृष्टीत विशेष फरक आढळत नाही.

कार्तिकात सुभेदारांनी अहवाल वाचला, आणि पाचोळ्याचा फायदा नसेल तर ठेवायचा कशाला, म्हणून तो खरवडायचा हुकूम दिला. राहीबाई बायांना घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आवं सुभेदार, पाचोळा काडू नगा. मी मोजलंय. सात विसा हुतं त्यात."

सुभेदारांनी धन्यकुमारकडं पाहिलं. "काय वो, ही म्हनती ते खरं हाय?"

बारा-तेरा बाया बघत होत्या. धन्यकुमारनं नजर पायांपाशी ठेवली. "किडे पळतात," तो म्हणाला. "एकच किडा दहादा मोजला जातो. राहीबाईंना मोजता येत नाही."

बायांत कुणीतरी हसलं. सुभेदार राहीबाईवर ओरडले नाहीत. अंगचोरपणाला कारण शोधू नको, एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मुकादमकी अंबूबाईला दिली.

धन्यकुमार सांगलीला परतला आणि त्याला साताऱ्याला शेतकी खात्यात नोकरी लागली. मळ्याची आठवण आली की तो दुसरं काही काम काढून बसे. दोन वर्षं अशी गेली.

१९४८ च्या आश्विनात कचेरीच्या कामानं तो पाटणला आला आणि न राहवून वर चढला. उतार ओळखू येत नव्हता. पाचोळा जाळून वर भुकटी मारलेली. नंतरच्या दोन पावसाळ्यांत माती घट्ट होऊन पाणी आत मुरेना, ते वरची माती घेऊन ओढ्यात उतरलेलं. कॉफीची मुळं बोटांसारखी उघडी पडली होती, पानं पिवळी होती. त्यानं खाली बसून माती उकरली. हातभर जागेत त्याला एक मुंगीसुद्धा दिसली नाही. आठ-दहा बाटल्या भरायला नकोत म्हणून त्यानं टाळाटाळ केली होती, आणि इथं सबंध डोंगर मेला होता.

ओढ्याकडून बाया गाळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर येत होत्या. सगळ्यांत मागं राहीबाई होती. पुढच्या एकीनं वळून हाक दिली, "ए सात विसा, चल की बिगीबिगी."

तिला आता सगळे याच नावानं हाक मारत होते.

तिनं त्याला पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. तो जवळ गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं.

"राहीबाई, तुमची मोजणी बरोबर होती. श्रावणातले आकडे मी मनानं भरले."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी तुमी माज्याकडं बगून बोलला न्हाईसा. मला काय सांगताय? ह्यास्नी सांगा."

त्यानं बायांना थांबवलं आणि सांगितलं. तो हळू बोलत होता. मधेच एक बाई म्हणाली, "काय म्हनतोय ह्यो? ऐकू येत न्हाई." मग त्याला पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगावं लागलं. आपण इथं नव्हतो हे, वही खोटी भरली हे, आणि राहीबाईला मोजता येतं हे.

सुभेदार वरच्या ओट्यावर बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तो समोर गेला.

"पलटणीत खोटी खबर आननाऱ्याला आमी काय करायचो, ते तुमाला सांगत न्हाई," ते म्हणाले. "पर तिला कामचोर मी म्हनलो. ते तुमच्या वहीत न्हवतं. ते माजं मलाच निस्तरू द्या. तुमी जा आता."

राहीबाईला मुकादमकी परत मिळाली. तिच्या सांगण्यावरून बायांनी रानातून पाचोळा आणून झुडपांखाली पसरला. निम्मी झुडपं वाचली. धन्यकुमारनं खात्याला सगळं लिहून कळवलं आणि नोकरी गेली. दर श्रावणात त्यानं पाटणला जाऊन पाचोळ्याच्या आणि साफ ठेवलेल्या तुकड्यांत पुन्हा मोजणी केली. राहीबाई शेजारी बसून माती काढून देई, कामापुरतं बोले. त्यापलीकडं ती कधी बोलली नाही, आणि त्यानंही अपेक्षा ठेवली नाही.

नोकरी गेली तेव्हा घरी सांगावंच लागलं. वडील उठून शेताकडं गेले. आईपुढं त्यानं बाटल्यांचंही कबूल केलं. आपल्याला जीव मारवेना, म्हणून हे झालं, असं तो म्हणाला.

गुणमालाबाई पाणी गाळत होत्या. त्यांनी हातातलं फडकं पिळलं नाही, तसंच धरून ठेवलं.

"मारवेना, तर तसं त्या सुभेदारांना सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. "त्या बाईला सगळ्यांपुढं खोटं का पाडलंस?"

 आणि फडक्यातले जीव सोडायला त्या विहिरीकडं गेल्या.