रिकाम्या कॅचमधून परत आलेली

मी बोलतेय, एक्सेप्शन. चेक्ड घराण्यातली. ठरलेलं काम बिघडलं की प्रोग्राममधून वर उसळते, ती मीच.

मी येऊ शकते हे आधीच जाहीर असतं. म्हणून कोड तपासणारा कंपाइलर प्रत्येकाला अडवतो, "ही आली तर काय करणार? इथे सांभाळ, नाहीतर वर पाठवतोय असं लिहून दे." माझा चुलतभाऊ अनचेक्ड. त्याच्याबद्दल कंपाइलर चकार शब्द काढत नाही. बहुतेकदा प्रोग्रामरच्याच चुकीतून तो जन्मतो आणि चालता प्रोग्राम आडवा करतो. त्याला लोक घाबरतात. मला गिळतात.

चाकणच्या एका कारखान्यातल्या, पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या प्रेससाठी रावेतची साक्षी प्रोग्राम लिहीत होती. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, मोबाइल थरथरला तरी दचकणारी. प्रेस वर थांबला की सेन्सर सांगणार, हिरवा दिवा लागणार, मग मशीनवरच्या जयमालाताई हात घालून पत्र्याचा भाग काढणार. सेन्सर वाचता आला नाही, तर मी येणार.

"सर, कंपाइलर अडून बसलाय."

"अगं, रिकामा कॅच टाक, गप्प बसेल," टीम लीड ज्ञानेश म्हणाला. "उद्या डेमो आहे. पुस्तकी शहाणपणा नंतर."

कॅच म्हणजे मला झेलायची जागा. साक्षीने ती केली आणि आत एक अक्षरही लिहिलं नाही.

चाचणीत हादऱ्यांनी सेन्सरची वायर निसटली. मी बोंब मारत उसळले आणि त्या रिकाम्या जागेत गडप झाले. दिवा तसाच, मघाचा, हिरवा. जयमालाताईंनी हात पुढे नेला, पण नाकावरचा स्कार्फ घसरला म्हणून मागे घेतला. प्रेस धाडकन खाली आला.

साक्षी किंचाळली.

"पोरी, दिवा तर हिरवा हाय की गं!" जयमालाताई बोटांकडे बघतच राहिल्या.

"नेटवर्कचा लोचा असेल," ज्ञानेश म्हणाला. "डेमोनंतर बघू."

"नाही सर. आत्ता."

साक्षी कीबोर्डकडे वळली. तिने तो कॅच पुसला आणि मला वरची वाट मोकळी केली, प्रेस थांबवायचा हुकूम जिथून सुटतो तिथपर्यंत. तिथे लिहिलं: लाल दिवा, प्रेस बंद.

वायर घट्ट केली होती. तरी डेमोत, पाहुण्यांसमोर, ती पुन्हा निसटली. मी उसळले. लाल! अख्खी लाइन ठप्प.

"घालवलास ना डेमो!" ज्ञानेश तडकला.

"जाऊ द्या की भाऊ," जयमालाताईंनी दोन्ही पंजे त्याच्यापुढे नाचवले. "ही बघा, समदी हजर हायेत."

मला नीट झेललं की मी तिथेच संपते. त्याचं मला काही वाटत नाही. पण वायर निसटेल तेव्हा मी परत येणार, तुमचा डेमो असो नाहीतर मंत्र्यांची भेट. सांभाळता येत नसेल तर बाजूला व्हा, वर जाऊ द्या. गिळू मात्र नका. मी पचणारी नाही.