सकाय

"हाई पुस्तक चुकेल शे, मोठी माय," काजल म्हणाली आणि दुकानातली माणसे वळून तिच्याकडे पाहू लागली.

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर हेमकांतचे पुस्तकांचे दुकान आहे. माझी नात काजल पाचवीत. आता नवोदयची परीक्षा द्यायची होती. पास झाली तर सहावीपासून वसतिगृहात राहून पुढचे सगळे शिक्षण. सून सीमाने बजावले होते, सगळ्यांत जाड सरावपुस्तक आणा. मला तर आदल्या रात्री झोपच नव्हती. आमच्या प्रकाशा गावाहून पहिल्या बसने निघालो. नव्या कागदाचा वास आला आणि माझेच दप्तर भरायचे असल्यासारखी मी एकेक पुस्तक उघडून काजलला प्रश्न सोडवायला लावत होते. हेमकांत म्हणाला, मावशी, साडी घेतानाही बायका इतक्या घड्या मोडत नाहीत. मी म्हटले, साडी विटली तर तिचे पोतेरे होते, पुस्तकाचे काय करू?

आता वाकून पाहिले. 'काल'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. काजलचे बोट होते 'सकाळ'वर. मागे उत्तर छापलेले, उद्या.

मला हसूच फुटले. आमच्या अहिराणीत सकाळ ती सकाय, आणि उद्यालाही सकायच म्हणतात. लहानपणी मीही शाळेत नेमके हेच उत्तर दिले होते. गुरुजी नुसते 'चूक' म्हणाले. का चूक, ते सांगितले नाही. मला वाटले, आमच्या घरात सगळे चुकीचेच बोलतात. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मी फारशी रडलेही नाही.

"हेमकांत, चुकनं ते कसाले चुकनं, हाई सांगनारं पुस्तक शे का?"

त्याने वरच्या फळीवरून एक बारकेसे पुस्तक काढून झटकले. त्यात प्रत्येक उत्तराखाली कारण दिले होते. 'सकाळ'ची जोडी संध्याकाळशी, 'काल'ची उद्याशी. काजलने दोनदा वाचले.

"म्हनजे घर सकाय बोलानं नि पेपरमा उद्या लिखानं," ती म्हणाली.

मला नाचावेसे वाटले. हेमकांतने आठवण करून दिली, सूनबाईने जाड सांगितले होते ना?

"जाडी ते मी शेच," मी म्हटले.

बसमध्ये खिडकीशी बसून ती पुस्तकात बुडाली. मी शेजारच्या बाईला विचारले नसतानाही परीक्षेचे सगळे सांगून टाकले. बाहेर केळीच्या बागा मागे पडत होत्या. मध्येच काजलने मान वर केली.

"पास व्हसू ते तठेच ऱ्हानं पडी?"

"हाव."

"मंग तू कोनसंगे बोलशी?"

मी म्हटले, पुढला प्रश्न वाच.

गाव आले. ती पुस्तक छातीशी धरून आधी उतरली आणि मला हात दिला.

"बाकीना उद्या करसू," ती म्हणाली. अगदी पेपरात लिहायचे तसे, स्पष्ट.

"हाव," मी तिचा हात धरून उतरत म्हटले, "सकाय."