शाळूच्या ताटाला बांधलेली चिंधी

मी एक चिंधी बोलतेय. देवगाव रंगारीच्या शिवारात शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, ताटाला बांधलेली दिसले तर मला बुजगावण्याचा तुकडा समजू नका.

बहात्तरच्या दुष्काळानंतर चौथ्या वर्षी आवडाबाईनं मला जुन्या लाल लुगड्यातून फाडलं. त्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. पौषात शाळू वाळून आडवा पडला. मधूनच एखादं ताट मात्र ताठ उभं, कणीस भरलेलं. आवडाबाई रानभर फिरून अशा ताटांना चिंध्या बांधत गेली. आम्ही एक्केचाळीस जणी होतो. ताटांची ओटी भरतीस का, म्हणून बायका हसल्या.

काढणीला तिचे सासरे नानासाहेब ताटं उपटत माझ्यापर्यंत आले. घरात दाणे थोडे, खाणारी तोंडं नऊ. त्यांनी माझ्या ताटाला हात घातला, तशी आवडाबाई आडवी आली. डोक्यावर पदर, नजर खाली, पण पाय हलेना.

"मामा, ही खायाची नाईत. ही पेरायची हायेत."

"आन् खायाचं काय?"

"मी एक भाकर कमी खाईन. पर ही देणार नाय."

माझी गाठ त्यांच्या मुठीत होती. त्यांनी मूठ सोडली, पण महिनाभर सुनेशी बोलले नाहीत.

पुढच्या साली त्यांनी तालुक्याहून नव्या बियाण्याची पिशवी आणली. सुनेला तिच्या बियासाठी बांधालगतच्या सहा ओळी दिल्या, त्याही मुरमाड रानात. तिनं तिथं शेणखत ओतलं. पिशवीतलं पीकही जोमदार होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याला पाणी हवं होतं, आणि विहीर संक्रांतीलाच आटली. उभ्या राहिल्या त्या बांधालगतच्या ओळी. आवडाबाईनं त्यातलीही चांगली ताटं हेरली आणि आम्हाला पुन्हा बांधलं.

काढणीनंतर मी बियाच्या गाडग्याच्या तोंडाला असते. तिथूनच ऐकलं. शेजारचा सांडू बी मागायला आला होता. त्यानं ओट्यावर बसलेल्या नानासाहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "मला नगं इचारू. बियाची मालकीण ती हाय."

आवडाबाईनं शेरभर बी दिलं. अट एकच घातली, पुढची ताटं त्यानं स्वतः हेरायची.

आता माझा रंग उडालाय, दशा निघाल्यात. दुकानात चकचकीत पिशव्या येतात, खुशाल येऊ द्या. पण या रानात काय पेरायचं ते इथं उभं राहूनच ठरेल. काढणीला याल तेव्हा माझ्या ताटाला वळसा घालून पुढं व्हा. मी गाठ सोडणार नाही.