भाऊजी बसल्याशिवाय नाही

वेताच्या खुर्च्या विणण्यात थोरल्या बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यांच्या तोंडाला लागणारं तर मुळीच नव्हतं. शाळा दुसरीतच सुटली. पण सुनेकडून दोनदा वाचून घेतल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हा नेम कधी सुटला नाही.

आज फर्निचरच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर करार घेऊन आला होता. बाईंची खुर्ची बाईंच्याच नावाने शहरोशहरी विकली जाणार होती.

दुसऱ्यांदा वाचताना सून थबकली. "आई, पहिल्या कलमात 'अडॉप्ट' आहे, चौथ्यात 'अडॅप्ट'."

"जुळी दिसतायत."

"दिसायलाच. अडॉप्ट म्हणजे आहे तशी आपली म्हणून घ्यायची. अडॅप्ट म्हणजे आपल्या सोयीनं बदलून घ्यायची."

"म्हणजे आधी दत्तक घ्यायचं, मग पोराचे नाकडोळे बदलायचे!"

मॅनेजर हसला. "किरकोळ बदल हो, मावशी. खाली गाठींऐवजी पिना. काम झटपट होतं. नमुना गाडीत आहे."

"आणा की. आमच्याकडे भाऊजी बसल्याशिवाय खुर्ची उंबरा ओलांडत नाही."

बाईंचे धाकटे दीर म्हणजे चालता डोंगर. नव्या खुर्चीत बसून कपभर चहा संपवायचा, एवढंच त्यांचं या धंद्यातलं काम, आणि ते त्यांनी तीस वर्षं मनापासून केलं होतं.

"वहिनी, बिस्किट?"

"आधी बसा."

पहिल्या घोटाला एक पिन टणकन उडाली. दुसऱ्याला तीन. तिसऱ्या घोटाला भाऊजी खुर्चीवर नव्हते, चौकटीत अडकले होते, गुडघे हनुवटीला टेकवून. चहा मात्र सांडला नाही.

"एवढ्या वजनाची गिऱ्हाइकं असतात किती?" मॅनेजर पुटपुटला.

"एक जरी पडलं, तरी माझ्या नावानं खडे फोडत पडेल."

"आई, एवढं मोठं काम हातचं जाईल," सून कुजबुजली.

आतल्या खोलीत सहा जणी विणत बसल्या होत्या, याच कामाच्या आशेवर. तरी बाईंनी कागद मॅनेजरपुढे सरकवला.

"चौथं कलम खोडा. नाहीतर कागद गुंडाळा, आणि जाण्याआधी भाऊजींना बाहेर काढायला हात लावा."

मॅनेजर दाराशी जाऊन बराच वेळ मालकांशी फोनवर बोलला. परत आला आणि चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली. मग पेन बाईंपुढे धरलं.

बाईंनी ते घेतलं नाही.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून वाच. दोनदा."