पडद्यावरचा हॉइट

माझ्या भावजयीच्या, ल्युरीनच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणात ट्रकांची रांग, पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगांची टरफलं, आणि आत सगळे टोप्या काढून नव्या रंगीत टीव्हीसमोर बसलेले. आवाज बंद होता. पडद्याच्या डाव्या बाजूला एक जांभळी-हिरवी सावली उभी होती. रुंद खांदे, वर टोपीचा काठ. मागचं चित्र बदलायचं, सावली जागची हलायची नाही.

हॉइट माझा सख्खा भाऊ. आभाळ निरभ्र असताना, लांबच्या ढगातून त्याच्यावर वीज पडली आणि तो गेला. घराच्या भिंतीलगतच्या बोअरच्या लोखंडी पाइपाला त्याचा हात होता. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला टीव्ही चालू होता आणि तेव्हापासून ही सावली. मी शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांना हसते. पण खरं सांगते, ते खांदे पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"हॉइट, आहेस ना बाबा? मान डोलव," गावोगावी तंबूत प्रवचनं देणाऱ्या ब्रदर टॅलमजनं हाक मारली आणि बायबल पडद्याजवळ नेलं. सावली वाकली. मागे कुणीतरी हुंदका दिला.

"तो म्हणतोय, ल्युरीन, ती सुई टाक," टॅलमज म्हणाला. " सुई म्हणजे शंका. रविवारी माझ्या तंबूत ये, तुझा मधुमेह गेल्याचं साऱ्यांना सांग. आणि हा टीव्ही कधी बंद करू नकोस. बंद केलास की तो गेलाच."

स्वर्गाचा कारभार वीज कंपनीच्या भरवशावर चालतो, हे मला नव्यानंच कळलं. पण हसू येईना. ल्युरीननं कालपासून इन्शुलिन टोचून घेतलं नव्हतं. तिचे ओठ सुकले होते, श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येत होता.

टॅलमजनं आशीर्वाद म्हणून माझ्या डोक्यावर बायबल टेकवलं. उचललं तेव्हा माझी केसांची पिन त्याला लटकत होती.

"ब्रदर, तुमचं बायबल लोखंडाला भलतंच ओढतं की."

"श्रद्धेची ओढ आहे, बाई."

मी गाडीतून शाळेचा चुंबक आणला आणि पडद्याच्या उजव्या कडेला धरला. तिथेही सावली उमटली.

"हे कोण, माझे आजोबा?" मी विचारलं. "तुमच्या बायबलच्या पुठ्ठ्यात चुंबक आहे, ब्रदर. उघडून दाखवा."

टॅलमजनं बायबल छातीशी घट्ट धरलं. ल्युरीन म्हणाली, "ही सावली तू केलीस. हॉइटची कुणी केली?"

"विजेनं. वीज म्हणजे धावणारा विद्युतभार, तो धावला की भोवती चुंबकत्व तयार होतं. पडद्यामागे लोखंडी जाळी आहे, ती त्या दिवशी चुंबक झाली. टीव्हीच्या पाठीकडून इलेक्ट्रॉन नावाचे भारित कण पडद्यावर येतात. जाळीपाशी ते वळतात आणि भलत्याच रंगावर पडतात."

"मग इतके दिवस मी बोलत होते कुणाशी?"

मी चुंबक खिशात टाकला.

तेवढ्यात ढग गडगडले. आमच्या फ्लोरिडात पहिल्या गडगडाटाला घरोघरी टीव्हीचा प्लग निघतो. सगळ्यांची नजर प्लगकडे गेली. टॅलमज आडवा आला. "हात लावू नकोस. नवऱ्याला पुन्हा मारशील."

ल्युरीन धरून धरून उठली. "हॉइट असता तर एव्हाना प्लग काढून मला ओरडत असता," ती म्हणाली आणि तिनं प्लग ओढला.

पडदा काळा झाला. टॅलमज भर पावसात निघून गेला. मी लगेच सुई भरली. ल्युरीननं हात पुढे केला, पण डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

वादळ सरल्यावर तिनंच टीव्ही लावला. आत काहीतरी घुमलं आणि चित्र स्वच्छ आलं. थंड टीव्ही सुरू झाला की आतलं तारेचं वेटोळं जाळीचं चुंबकत्व काढून टाकतं. टॅलमजला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर टीव्ही बंद करायची बंदी.

"गेला," ल्युरीन म्हणाली.

त्या रिकाम्या कोपऱ्याकडे मीही बघत होते. मलासुद्धा तो तिथे हवाच होता. म्हणून सांगते, तुम्हाला जे सगळ्यात जास्त हवंय, तेच कुणी दाखवायला लागलं, तर रडा खुशाल, पण आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा.