उशी भरणारा राजा

उजव्या पंखाची लांब पिसं तेवढी कापायची. डाव्याला हात लावायचा नाही. एकाच बाजूची कापली की पाखरू उडायला जातं आणि गिरकी घेऊन खाली पडतं. दोन-चारदा आपटलं की मग आपणहून नाद सोडतं.

*

राजा म्हणाला, एक पीस ठेवून जा. म्हणजे तू उद्या येशील अशी माझी खात्री राहील.

*

बोरी अरब दारव्ह्याच्या रस्त्यावर लागतं. कळंबहून जायचं तर यवतमाळला मोटार बदलावी लागते.

*

त्या वर्षांत भाव नाही म्हणून कापूस लोकांच्या घरात छताला टेकला होता आणि गादी मात्र कुणी भरून घेत नव्हतं.

*

"मंग?"

हे पोपट म्हणाला. त्याला एवढंच येत होतं.

रहमत पिंजाऱ्यानं त्याला डाव्या मुठीत धरलं होतं. उजव्या हातात खोळीचं कापड कापायची कात्री होती. कळंबात, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गादीचं दुकान. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. सून जेबा उंबऱ्याशी बसून एका जुन्या गादीला दाभणानं टाके घालत होती.

"राहू द्या ना अब्बा या खेपेले," ती म्हणाली. "कितीक दिवस कापान?"

"मांजर खाईन त्याले."

"उडता आलं तर काहून खाईन?"

कात्री तीनदा वाजली. हिरवी पिसं फरशीवर पडली आणि पंख्याच्या वाऱ्यानं रुईच्या ढिगात जाऊन बसली. पोपट सुटला, टुणटुणत रुई पिंजायच्या मशीनपाशी गेला, आणि चालत चालतच त्यावर चढला. पायी फिरणारा पोपट म्हणून आळीतली पोरं त्याला हवालदार म्हणत.

हा पोपट मूळचा रहमतच्या बायकोचा, अमिनाबीचा. एका वादळात मागच्या निंबावरून पिल्लू पडलं, ते तिनं डाळ भिजवून वाढवलं. त्याला पंख फुटले तेव्हा रहमतनंच पहिल्यांदा कात्री घेतली. उडून गेला तर ही रडत बसेल, असं त्याच्या मनात होतं. त्यात वाईट काही नव्हतं. अमिनाबीनं कात्रीकडं पाहिलं आणि चुलीपाशी निघून गेली, एवढंच त्याला आठवत होतं.

अमिनाबी गोष्ट सांगायची. एकच. रजईला टाके घालता घालता आळीभरच्या पोरांना सांगायची, आणि त्यांचा मुलगा मुजफ्फर त्या पोरांत सगळ्यात पुढं बसायचा. ती थांबली की पोरं ओरडत, "मंग?" पोपट तेवढंच शिकला. रहमत मात्र मशीनवर असायचा. मशीन सुरू असलं की समोरच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं आणि ऐकू काही येत नाही. मशीनमध्ये रुई अडकली, पट्टा उतरला, वीज गेली, की मधलाच एखादा तुकडा कानावर यायचा. *एक पाखरू होतं, दूरच्या रानातून रोज सांजेला यायचं.* घर्र. *राजाची दिवसभर वाट पाहून पाहून मान दुखायची.* घर्र. *तेव्हा राजा म्हणाला, एक पीस ठेवून जा.* घर्र. असे तुकडे त्याच्यापाशी आयुष्यभर जमले होते. ते जोडावे असं कधी सुचलं नाही. बायको घरातच होती, विचारू कधीतरी.

मग अमिनाबी गेली. पुढं मुजफ्फरही गेला. रुईच्या गाठींची गाडी चालवायचा, ती अकोल्याच्या रस्त्यावर उलटली. राहिले सासरा, सून आणि पोपट. लोकांना वाटलं जेबा माहेरी जाईल. ती गेली नाही. सकाळी दुकान झाडायची, दुपारी टाके घालायची, संध्याकाळी भाकरी टाकायची. रहमतला भाकरीच्या आवाजावरून कळायचं की घरात माणूस आहे. त्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली होती की रात्री झोपेतही तो त्याच्या कानात वाजायचा.

*

देवळासमोर नारळ-दुर्वा विकणारे भगवानराव गिऱ्हाईक नसलं की दुकानात येऊन बसत. चतुर्थी सोडली तर त्यांना गिऱ्हाईक नसायचंच.

"रहमतभाई, एखादी उशी फेका इकडे. बसू बसू हाडं टोचून राह्यले."

"हाडं कमी करा."

"ते काम बायको करूनच राह्यली." भगवानरावांनी गादीचा एक कोपरा दाबून पाहिला. "पुन्हा जुनीच पिंजली? नवी नाई आली काही?"

"लगनं कुठी होऊन राह्यले? नवी गादी कायले लागते मंग."

"हे बी खरंच." मग ते जेबाकडं वळले. "पण जेबाबाई, तू मोठं काम केलं हो. काल म्या लोहाऱ्याले गेलतो. तिथं तो अब्रार भेटला, मोटारपंप दुरुस्त करते तो. तोंड एवढुसं झालं होतं. म्हणे, जेबानं लगनाले नाई म्हटलं. म्या म्हटलं, बराबर हाये बावा, सासऱ्याले टाकून कशी जाईन ते?"

जेबाचं दाभण गादीत अर्धं गेलेलं होतं, तिथंच थांबलं.

"म्या कवा म्हटलं?"

भगवानरावांनी रहमतकडं पाहिलं. रहमतनं मशीनचं बटण दाबलं. आत रुईचा एक पुंजका नव्हता. मशीन रिकामंच घरघरत राहिलं. भगवानरावांचे ओठ हलले. बहुतेक ते म्हणाले, नारळ उघडे टाकून आलो. आणि गेले.

जेबा उठली. ओढणीवरची रुई झटकली. या घरात मशीनच्या बटणाला रहमतखेरीज कुणी हात लावत नसे. तिनं ते बंद केलं.

"मंग?" पोपट म्हणाला.

"अब्रारची खाला आलती ना मागणं घेऊन," रहमत म्हणाला. "तू तेव्हा नळावर गेलती."

"मी नळावरून वापस... वापस आलती ना अब्बा." रागात तिचे शब्द एकमेकांत अडकले. "मंग विचारलं काहून नाई?"

"तुले कायची कमी हाये इथं?"

"कमी कोण म्हणते?"

"मुजफ्फर गेला तवापासून म्या तुले बहू म्हणून हाक मारली का कधी? बेटीच म्हणतो ना?"

"बेटीले तरी विचारतेत."

रहमत खाली बसला. समोर रुई होती. हात आपोआप तिच्यातल्या गाठी मोडू लागले.

"तुले जायचं हाये," तो म्हणाला.

"ते म्या अजून सांगतलंच नाई. जाईन का नाई जाईन, ते पाह्यलं असतं मी. भल्ली भित्री हाये मी, कदाचित नाईच म्हटलं असतं. पण माह्या तोंडचं नाई तुमी कसं काय देऊन टाकलं?"

आवाज चढला नव्हता. तिनं पुन्हा दाभण हातात घेतलं आणि अर्धा राहिलेला टाका पूर्ण केला. मग दुसरा घातला. रहमतला वाटलं, झालं, निभावलं.

"अम्मीच्या गोष्टीचा शेवट मालूम हाये तुमाले?" तिनं विचारलं.

"मशीन राहे चालू."

"आता बंद हाये."

*

ती टाके घालत सांगत गेली, अगदी अमिनाबीच्या लयीत. लग्न होऊन आली तेव्हापासून दुपारी सासूशेजारी बसून तिनंही ती गोष्ट ऐकली होती.

पाखरू राजाला रोज एक पीस देई. राजा म्हणाला म्हणून देई, राजा आवडे म्हणूनही देई. चोचीत रानातलं काही ना काही आणी. कधी बोर, कधी टेंभुरणी, कधी नुसती खबर, की पलीकडच्या डोंगरात पळस पेटला. राजा पिसं जपून ठेवी. एवढ्या पिसांचं करायचं काय, म्हणून त्यानं उशी शिवली आणि आपल्या हातानं भरायला घेतली. उशी भरत आली. एक दिवस इतकी छान भरली की त्यात आणखी पीस मावेना, आणि त्याच दिवशी पाखराला उडता येईना. राजा खूष झाला. पाखराला मांडीवर घेतलं, हातानं दाणे भरवले. सांज झाली तशी रोजच्या सवयीनं त्यानं खिडकी उघडली आणि वाट पाहत बसला. पाखरू काही आलं नाही. येईल कसं? ते मांडीवरच होतं.

"मंग?" पोपट म्हणाला.

"मंग राजानं उशी उसवली. एकेक पीस लावून पाह्यलं. लागते काय ते? नवे पिसं आपल्या टायमानंच येतेत. तोवर राजा त्याले उचलून रोज खिडकीत बसवे. अन् एका दिवशी ते गेलं."

"वापस आलं?" हे रहमतनं विचारलं.

"म्या बी हेच विचारलं होतं. अम्मी म्हणे, ते राजाले मालूम. आपल्याले फक्त एवढंच मालूम हाये का त्यानं खिडकी लावली नाई."

जेबा भाकरी टाकायला आत गेली. रहमत रुईपुढं बसून राहिला. गोष्ट त्याला कुठंतरी टोचत होती आणि कुठं ते सापडत नव्हतं. बऱ्याच वेळानं सापडलं. राजे उशा भरत नाहीत. हुकूम करतात, घोड्यावर बसतात, लढाया हरतात. आपल्या हातानं उशी भरणारा राजा त्यानं कुठं ऐकला नव्हता. उशी भरतो तो पिंजारी.

रुईत मघाची तीन हिरवी पिसं अडकली होती. ती त्यानं वेचून काढली आणि आता त्यांचं काय करावं ते न कळून खिशात ठेवली.

*

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अब्रारचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. तो तांब्याच्या तारेची वेटोळी पंपाच्या मोटारीत बसवत होता. रहमतला पाहून उठला, हात पुसले, स्टूल पुढं केलं.

"बसत नाई," रहमत म्हणाला. "ते नाई म्या म्हटलं होतं. तिनं नाई. तिले मालूमच नव्हतं."

अब्रारनं स्टूल परत मागं सारलं. "चाचा, पण तुमी एवढ्या दूर हे सांगाले आले?"

"फोनवर जमलं नसतं."

"मंग आता तिचं काय म्हणणं हाये?"

"मले काय विचारतं? तिले विचार."

परतीच्या मोटारीत त्याला जागा मिळाली नाही. दांडीला धरून तो कळंबपर्यंत उभा राहिला. कापसाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला रांगेनं उभ्या होत्या, बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली झोपलेली.

*

जेबानं दोन महिने घेतले. अब्रार दोनदा येऊन गेला. एकदा चहा घेतला, एकदा मशीनची मोटार तपासून दिली. मग एका सकाळी दुकान झाडता झाडता ती म्हणाली, "अब्बा, मी जाईन." रहमत म्हणाला, "बरं."

पिंजाऱ्याच्या घरातून लेक निघते तेव्हा बाप गादी भरतो. रुईची पहिली मूठ आईनं टाकायची असते. सुनेसाठी अशी गादी कुणी भरल्याचं आळीत कुणी ऐकलं नव्हतं. भगवानरावांनी आपल्या मेव्हण्याच्या घरातला कापूस जिनमध्ये सरकी काढून आणून दिला. म्हणाले, "तिथं उंदीरच झोपून राह्यले त्याच्यावर. तुमी तरी माणूस झोपवा." पांढरीशुभ्र, पहिल्यांदाच पिंजली जाणारी रुई रहमतच्या हाताला कित्येक दिवसांत लागली नव्हती. खोळ अंथरून तो बराच वेळ उभा राहिला. पहिली मूठ कुणी टाकायची?

"टाका तुमीच," दारातून जेबा म्हणाली.

त्यानं टाकली.

निकाहनंतर टेम्पोवर गादी बांधली तेव्हा सगळ्या सामानात तीच उठून दिसत होती. कधी येशील, हे रहमतच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. जेबानं पोपटाच्या डोक्यावर बोट फिरवलं, पुढं चालकाशेजारी बसली, आणि टेम्पो देवळाच्या वळणावरून दिसेनासा झाला.

कात्री पुढं खोळीच्याच कामाला राहिली. पावसाळ्याच्या सुमाराला पोपटाची पिसं पुरी झाली, तरी तो चालतच फिरायचा. रहमत रोज सकाळी त्याला उचलून मागच्या खिडकीत बसवी आणि कामाला लागे. एका संध्याकाळी मशीन बंद केल्यावर "मंग?" ऐकू आलं नाही. त्यानं मागं जाऊन पाहिलं. निंबावर अंधार झाला होता, काही ओळखू येत नव्हतं. त्यानं भाकरी थापली, वाकडी झाली, ती खाल्ली, आणि खिडकी तशीच ठेवून आडवा झाला.

रहमतशी लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षी अमिनाबी कळंबच्या स्टँडवर यवतमाळच्या मोटारीत खिडकीपाशी बसली होती, बोरी अरबला माहेरी जायला, आठ दिवसांसाठी. रहमतनं वर चढून, तिला न विचारता, तिची पेटी उतरवली. मग ती उतरली.